विरजणाचं पान

चपलेच्या टाचेवर एक काळसर ठिपका होता; तुकियेमची नजर तिथून हलेना. लेकीनं, विनार्सिहनं, ती चप्पल जेवायच्या चटईवर, थेट भाताच्या टोपलीला खेटून ठेवली होती — विद्यापीठात पोरांना शिकवते म्हणे, आणि पायातलं कुठे ठेवावं एवढंही कळत नाही. पण पायातलं तरी कसं म्हणायचं? तेंपेच्या वड्या धरवणारी तीच ती बुरशी. उकडलेल्या सोयाबीनवर दोन दिवस धरायची आणि तळणीत जायची, ती या बयेनं कसल्याशा भुशावर आठवडाभर माजवली, भट्टीत मारली, दाबून तिचं कातडं केलं, त्याची ही चप्पल...

"वास तर घे, बू," लेक म्हणाली. "गाय मारावी लागत नाही."

"गाय वाचवलीस. आईला मार."

वास तिनं घेतला. तळाशी पहाटे तेंपेवरची केळीची पानं उलगडताना येतो तोच, आणि वर काहीतरी औषधी, न्हाऊ घातलेल्या प्रेतासारखं. तिनं तोंड फिरवलं. या घरात कुजलेलं तेंपेसुद्धा मिरचीबरोबर वाटून पोटातच गेलं होतं.

"प्रयोगशाळेतली विरजणाची पूड कुठे धरते, कुठे सोडते," विनार्सिह म्हणाली. "तुझी एकसारखी पसरते. चार पानं दे फक्त. सगळं काम त्यावर अडलंय."

वारूच्या झाडाची पानं आढ्याला टांगलेली होती, पोटात विरजण धरून. सासूनं दिलेलं, सासूला तिच्या सासूनं. डोंगरानं राख ओकली त्या वर्षीही मोडलं नव्हतं. खाली काढलं तरी त्याला कुणी ओलांडतसुद्धा नाही, आणि ही त्यावर उभी राहणार!

"तोंडात घालायचं ते पायात घालतेस? शिसारी नाही येत?"

विनार्सिह हसली. "आणि मशीन यायच्या आधी सोयाबीन कशानं तुडवायचीस गं? टबात उभी बघितलीय मी तुला."

गार पाणी, बोटांच्या बेचक्यांतून सुटणारी बुळबुळीत सालं, काथ्यानं घासून लाल झालेल्या टाचा, आणि आधी त्या टाचा वाकून तपासणारी सासू... सारी गल्ली ते तेंपे मागून मागून खायची, त्या पायांखालचं, कुणी नाक मुरडलं नाही, तिनंही नाही — मग आत्ता तिनं पाय सारोंगच्या घेराखाली का ओढून घेतले? बोटांमध्ये तो बुळबुळीतपणा पुन्हा जाणवत होता. पुसावासा वाटत होता.

"तीस वर्षं तुडवलं, न्दुक," ती लेकीला म्हणाली, "पण स्वतःच्या पायांची घाण कधी वाटली नव्हती. ती आज तू आणलीस घरात. पान मिळायचं नाही."