गणकयंत्राचं प्रमाणपत्र

ज्या शहाण्याने गणकयंत्राचा संगणक केला, तो भेटला तर त्याला चार शब्द सुनावायचे आहेत मला.

शहाऐंशी साली अंबरनाथच्या आमच्या शाळेने मला ठाण्याला बारा दिवसांच्या वर्गाला पाठवलं. प्रमाणपत्र मिळालं, 'गणकयंत्र परिचय'. मागोमाग शाळेत यंत्रही आलं. चपला बाहेर काढून मुलं आत यायची आणि एकेक कळ दाबायला भांडायची. दहा वर्षं तो तास मी घेतला. माझी आई, माई, गेल्यापासून घरात मला हाक मारायला कोणी नाही. त्या खोलीत मात्र पंचवीस पोरं एकदम "बाई, बाई" करून डोकं उठवायची. मला तेवढंच हवं होतं, खोटं कशाला बोलू?

शहाण्णवच्या जूनमध्ये परिपत्रक आलं. संगणकाची प्राथमिक ओळख शिकवणाऱ्याकडे त्याच विषयाचं प्रमाणपत्र हवं. नसेल तर महिनाअखेरीस तास काढून घ्यावा. मी ऐटीत माझा कागद घेऊन कार्यालयात गेले. कारकुनाने तो उलटसुलट करून पाहिला.

"मॅडम, हे तर कॅल्क्युलेटरचं आहे."

"अहो, तेव्हा कॉम्प्युटरलाच गणकयंत्र म्हणायचे."

"म्हणत असतील. रूलमध्ये संगणक लिहिलंय, मी काय करू? असं करा, तुमच्याबरोबर ट्रेनिंग केलेल्या कुणाकडून तरी हा फॉर्म भरून आणा. चालून जाईल."

बरोबरचे म्हणजे गुरुदत्त, बदलापूरचे शिक्षक. बारा दिवस आम्ही एकाच यंत्रावर बसलो, डबा वाटून खाल्ला. शेवटच्या दिवशी त्यांनी माझ्या वहीत आपला पत्ता लिहिला आणि म्हणाले, "पत्र टाका. वाट बघीन." तेव्हा माई अंथरुणाला खिळलेली. मी पत्र टाकलं नाही. वही मात्र जपून ठेवली. आपली वाट बघणारं कोणी तरी आहे, असं दहा वर्षं मनाशी धरून होते. वेडेपणा होता, पण माझा होता.

रविवारी बदलापूरला गेले. दार त्यांच्या बायकोने, वृंदाताईंनी उघडलं. पाणी आलं, चहा आला. गुरुदत्त समोर येऊन बसले. केस पांढरे झाले होते, हसणं तेच होतं.

"कुंदा... कुठल्या शाळेच्या म्हणालात?"

मी सांगितलं. खिडकीजवळच्या यंत्राचं सांगितलं, डब्यातल्या थालीपिठाचंही सांगितलं. ते ओशाळून मान हलवत राहिले.

"वर्ग आठवतो हो. पण माणसं... माफ करा."

मग मी वही उघडून पुढे केली. त्यांनी चष्मा लावला.

"अक्षर तर माझंच आहे," ते म्हणाले.

तेवढ्यावर विश्वास ठेवून त्यांनी फॉर्म भरला. भला माणूस. मला तिथेच रडू फुटेल असं वाटलं, म्हणून निवलेला चहा एका दमात संपवला आणि निघाले.

सोमवारी कारकुनाने फॉर्म मोठ्याने वाचला. "'यांनी माझ्याबरोबर संगणकाचे प्रशिक्षण घेतले. मी त्यांना व्यक्तिशः ओळखतो.' बस, हेच पाहिजे होतं. तास तुमचाच, मॅडम."

शिक्का मारता मारता तो म्हणाला, "नशीब तुमचं, ओळखणारं कुणीतरी निघालं."

"हो," मी म्हटलं, "निघालं."