चार झेंड्यांची रेंज

गुरुवारी सकाळी शेलूबाजारच्या जीपा आमच्या गावात येताना टपापर्यंत भरलेल्या असायच्या. प्रत्येकाच्या हातात मोबाइल आणि मांडीवर भाजीची टोपली. जिथं फोन लावायला माणसं पाण्याच्या टाकीवर चढतात, तिथं रेंजनाथ महाराजांच्या मंडपात पुण्यातला नातू व्हिडिओ कॉलवर अर्धा तास न अडकता रडायचा. आज्या तो फोन कपाळाला लावायच्या.

मी गावच्या शाळेत विज्ञान शिकवतो. हे सगळं माझ्या नाकावर टिच्चून चाललं होतं, वर लोक मलाच म्हणायचे, "गुरुजी, तुमच्या पुस्तकात हे नसन."

महाराज चार उंच झेंड्यांच्या मधोमध गादीवर बसत. "चार दिशा, चार देव," ते डोळे मिटून सांगत. "आकाशातला शब्द मी पोटात घेतो आणि वायफायनं सोडतो. पासवर्ड हाच गुरुमंत्र. कुणाला सांगितला तर फोन हँग होईल." मंत्र हवा तर टोपली वाहायची. टोपल्या दुपारी कुठल्या बाजारात जातात, हे विचारणं मात्र पाप होतं.

त्या गुरुवारी मीही मंडपात होतो, तेव्हा मळेवाली तुळसाबाई लेकीला घेऊन आली. सुप्रिया नर्सिंग शिकलेली. अकराला नागपूरच्या दवाखान्याची व्हिडिओवर मुलाखत होती. मागची मुलाखत मधेच तुटली आणि नोकरी हातची गेली, म्हणून मायलेकी घाबरलेल्या होत्या.

महाराजांनी टोपलीत डोकावलं. "नुसती वांगी? देव रुसला, बेटा. सात गुरुवार मळ्यात तोडलेला सगळा माल वाहा, मग मंत्र."

"मुलाखत आज अकराले हाय, महाराज. साडेदहा झाले."

"देवाला घड्याळ नसतं."

तुळसाबाई झेंडे निरखत राहिली. प्रत्येक काठीवरून एक काळी वायर उतरून गादीखाली शिरत होती.

"गुरुजी," ती म्हणाली, "हे त आपल्या मळ्यावानी दिसून राह्यलं."

माझं डोकं तेव्हा चाललं. आमच्याकडे एका बोअरला करंगळीएवढं पाणी. म्हणून मळेवाले चार बोअर एका पाइपात जोडतात. एक आटलं तरी ठिबक चालू राहतं.

"हात लावशील तर भस्म होशील," महाराज म्हणेपर्यंत बाईनं गादी उचललीसुद्धा. खाली एक पेटी, तिच्यावर चार हिरवे दिवे. आत चार कंपन्यांची चार सिमं, प्रत्येकाचा अँटेना एकेका झेंड्यावर. एकट्या सिमचं नेट रडतं, पण पेटी चौघांचं थोडं थोडं घेऊन एकत्र करते, हे मी सांगितलं. तुळसाबाईला ते आधीच कळलं होतं.

"पाहा," म्हणत तिनं व्हॉल्व बंद करावा तशी एक वायर काढली. एका आजीच्या फोनवरचा नातू रडतच होता. दुसरी काढली, नातू अंधूक झाला. तिसरी काढली, तोंड उघडं ठेवून थिजला. चौथीला पडदा काळा. आज्यांनी महाराजांकडे बघितलं. महाराज पुटपुटले, पण नातू काही आला नाही. तिनं चारही वायरी परत लावल्या आणि नातू आला.

मग मी पेटी उलटी केली. गुरुमंत्र खाली स्टिकरवर छापलेला होता: एक ते आठ आकडे, ओळीनं. ते वाचल्यावर मंडपात असं हसू फुटलं की म्हाताऱ्या भुरीबाईंची कवळी पडली. तोवर महाराज वांग्यांच्या टोपलीसकट जीपच्या टपावर चढले होते.

अकराला सुप्रिया त्यांच्याच गादीवर मुलाखतीला बसली. बोलणं अर्ध्यात आलं आणि एक दिवा लाल झाला. तुळसाबाईनं माझा हात गच्च धरला. तीन दिवे हिरवे होते. पोरगी बोलत राहिली, आणि शेवटी तिकडून आवाज आला, "एक तारखेला रुजू व्हा."

बाई पदरात तोंड खुपसून रडली. मीही रडलो, लपवत नाही.

डोळे पुसून बघतो तर भुरीबाई पेटीवर हळदकुंकू वाहायला निघालेल्या.

"माय, त्याले कुंकू नाही, चार्जिंग लागते," तुळसाबाई म्हणाली.

बाबांनो, माझं एवढंच मागणं आहे. हात जोडायच्या आधी वायर कुठं जाते ते बघा.