‘धीर देणे’ची नोंद

कार्डाच्या वरच्या कोपऱ्यात तांबड्या शाईचं प्रश्नचिन्ह होतं, आणि त्याचं टिंब इतकं दाबून दिलेलं की कागद मागच्या बाजूनं फुगला होता. शब्द : धीर देणे. खाली पूर्णविरामांचं – म्हणजे मुख्य संपादकांचं, शब्दकोशाच्या कचेरीत त्यांच्या माघारी सगळे त्यांना हेच म्हणत – बारीक अक्षर : ‘सांत्वन, समजूत, दिलासा यांहून वेगळं कसं? आज चारपर्यंत.’ चारपर्यंत! जणू तोवर जगात कुणी कुणाला धीर देणारच नव्हतं...

सांत्वन घडून गेल्यावर करतात, धीर घडण्याआधी देतात. दिलासा... दिलासा बहुतेक पुढारी देतात, तोही वर्तमानपत्रातून. सल्ला फुकट मिळतो, आणि उपदेश तर मागावाही लागत नाही, घरपोच येतो. नोंद तिला लिहायची होती; तिनं पेन्सिल आपटली. तेवढ्यात आईचा फोन, सकाळपासूनचा तिसरा.

“बोललीस का धाकटीशी?”

“ती माझा फोन उचलत नाही, आई.”

“मग जाऊन ये. उद्या केमोची तिसरी फेरी, आणि ही म्हणते, आता नाही घेणार. डॉक्टर सांगतात, मध्येच सोडलं तर मागचं सगळं पाण्यात. मामानं काल तासभर सांगितलं, जावईबापूंनी हात जोडले... तू शब्दांतली माणूस. तू समजाव.”

शब्दांतली माणूस! शब्दांवर पोट भरणाऱ्याला बोलताही येतं, असं लोकांना का वाटतं कोण जाणे. आणि मामा – पालथ्या घड्यावर पाणी ओतायची त्याची चिकाटी दांडगी – त्यानं ओळखीतल्या कुणाची तरी गोष्ट सांगितली असणार, तोही असाच खचला होता, आता बघ, डोंगर चढतो. तिला या सगळ्यांचा संताप आला... आणि खरा संताप मामावर नव्हता, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

धाकटीनं तिचा फोन उचलणं सोडलं होतं ते तिच्या स्वतःच्याच करणीमुळं. मागच्या आठवड्यात दवाखान्यातल्या खोलीत, छताकडे बघत धाकटी म्हणाली होती, “ताई, सगळे येऊन मला धीर देऊन जातात. तो घेऊन मी ठेवू कुठे?” आणि ताईनं काय करावं? पर्समधून कोरं कार्ड काढलं. कोशात प्रत्येक अर्थाखाली प्रत्यक्ष ऐकलेलं एक वाक्य लागतं. वीस वर्षांची सवय – बसमध्ये, लग्नघरात, रांगेत, चांगलं वाक्य कानावर पडलं की हात आपोआप जातो. तिनं वाक्य लिहिलं, खाली तारीखही टाकली, आणि मान वर केली तर धाकटी तिच्याकडेच बघत होती.

“उतरवून घेतलंस?” एवढंच म्हणाली ती, आणि भिंतीकडे कूस वळवली.

ते वाक्य आता समोरच्या कार्डावर होतं. पूर्णविरामांनी त्यापुढे बरोबरची खूण करून लिहिलं होतं, ‘उदाहरण उत्तम.’

ती उठली. कचेरीच्या फोनवरून तिनं धाकटीला लावला; हा नंबर धाकटीच्या ओळखीचा नव्हता.

“कोण?”

“मी.”

धाकटीनं फोन ठेवला नाही. तिचा थकलेला आवाज आला, “हं, सांग. मामा झाला, आई झाली, तूच राहिली होतीस.”

ताईनं चार वाक्यं जुळवून ठेवली होती, नीट, वजन करून – आणि त्यांतलं एकही तोंडातून बाहेर येईना. “मला... मला फार भीती वाटतेय गं. तू उद्या गेली नाहीस तर... तू राहिली नाहीस तर मी काय करू?”

हे काय बोलून बसलो आपण! आजारी ती, आणि रडतंय कोण? समजवायला म्हणून फोन केला, आणि तिच्याच डोक्यावर स्वतःचं ओझं... थोरली म्हणे!

“ताई,” धाकटी म्हणाली. “ए ताई, रडू नकोस. उभी आहेस ना? खुर्चीत बस आधी.”

ती बसली. आता विचारायला हवं होतं, उद्या जाणार का. तेवढ्यासाठीच तर सगळा खटाटोप... तिनं विचारलं नाही. धाकटी जन्मली तेव्हापासून प्रत्येकाला तिनंच सांगितलं होतं, बस, उठ, रडू नकोस, आणि आज तिला कुणीतरी सांगितलं होतं, नि तिनं मुकाट ऐकलं होतं. तिला लाज वाटायला हवी होती. तिला बरं वाटत होतं – इतकं बरं, की हे सांगणारं माणूस उद्या काय ठरवील या विचारानं तिनं रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला.