तक्रार : पक्षी चालतो

ऑनलाइन लिलावातलं गिऱ्हाईक मी वासावरून ओळखतो. एक जात अशी, की इरेला पेटून बोली लावते, जिंकते आणि मग फोन उचलायचं नाव नाही. दुसरी वीस फोटो मागते आणि एकविसाव्याला म्हणते, घरी विचारून सांगतो. तिसरी सगळ्यात पोचलेली. वस्तू घेते, आतला चांगला भाग काढते आणि ‘बिघडलेली आली’ म्हणून सांगाडा परत पाठवते. तिच्यावर माझ्याकडे औषध आहे : बायकोची लाल नेलपॉलिश. तळाच्या स्क्रूवर एक थेंब. स्क्रू उघडला की थेंब तडकतो, मग बघतो मी त्याच्याकडे.

ताईचा पक्षी विकायला काढला तेव्हाही थेंब लावला. मुठीएवढा पक्षी, खऱ्या पिसांचा, पितळी पिंजऱ्यात. चावी दिली की गातो म्हणे. म्हणे, कारण आम्ही कुणी ऐकला नव्हता. दाजी घड्याळं दुरुस्त करायचे. कुणीतरी टाकून दिलेला हा पक्षी त्यांनी उचलून आणला आणि तीन वर्षं त्याच्यामागे हात धुऊन लागले. एका मंगळवारी जेवून उठले, ते गेलेच. महिन्याभरानं ताईनं चावी देऊन पाहिली. चोचसुद्धा हलली नाही.

“एवढी घड्याळं चालवली त्यांनी, आणि ह्या चिमणीनं हरवलं,” ताई म्हणाली. “हरूनच गेले ते. काढ बाबा ह्याला घरातून. मला बघवत नाही.”

मी जाहिरातीत खरं ते लिहिलं, ‘बंद आहे’. पहिलं गिऱ्हाईक जिंकून गायब झालं. दुसऱ्याची बायको नको म्हणाली. तिसऱ्यानं घेतला. ताईनं टेबलावरची पक्ष्याची जागा पुसून काढली. आणि आठवड्यात त्याची तक्रार हजर : ‘जाहिरातीत पक्षी बंद असल्याचं लिहिलं होतं. पक्षी चालतो. परत पाठवत आहे.’

मी लोकांच्या फिरक्या घेत म्हातारा होत आलो, पण असली तक्रार बापजन्मी पाहिली नव्हती. म्हटलं, हा गडी माझ्याच पंगतीतला दिसतोय.

ताईला कळू न देता खोकं गायब करायचा बेत होता, पण ते आलं नेमकं तिच्याच पत्त्यावर.

“आला ना परत,” ती म्हणाली. “हा काही पिच्छा सोडत नाही.”

मी पिंजरा उलटा केला. थेंब मधोमध तडकला होता.

“सापडला लेकाचा.”

“तुला आनंद कसला झालाय, उपद्व्याप्या?”

“पुरावा मिळाला. आतलं सगळं लांबवलं असणार, बघ तू.”

खोक्याच्या तळाशी पत्र होतं. मी चढ्या आवाजात वाचायला लागलो आणि आवाज आपोआप उतरत गेला.

‘मी मेलेले पक्षी घेतो, सुट्या भागांसाठी. हा उघडला, तर आवाजासाठी हवा फुंकणाऱ्या भात्याचं कातडं नवं. इतकं पातळ, की नुसत्या श्वासानं थरथरतं. चाळीस वर्षं हेच काम करतोय, मला असं कधी जमलं नाही. चाकात एक चिठ्ठी अडकवलेली आहे. ती काढून मी एकदाच ऐकलं आणि होती तशी परत लावली. ती काढायचा हक्क दुसऱ्या कुणाचा असावा. जिवंत पक्ष्याचे भाग मी काढत नाही.’

मी तळ उघडला. ताईनं चष्मा लावला. दाजींचं मुंगीएवढं अक्षर : ‘भात्याचा सरस अजून ओला आहे. बुधवारपर्यंत चावी देऊ नये.’

मी स्क्रूवर खूण केली, राखण केली, पण तो फिरवून बघायची अक्कल मला झाली नव्हती.

ताईनं आणखी वाकून ते अक्षर पुन्हा एकदा वाचलं.

“आज वार कोणता?”

“शनिवार.”

“मग वाळला असेल,” ती म्हणाली आणि खणातून दाजींचा चिमटा काढला.

चिठ्ठी निघाली. मी पिंजरा सरळ करून चावी दिली. गाण्याआधी श्वास ऐकू आला. खरंच, शपथेवर सांगतो, आधी त्यानं श्वास घेतला. मग शेपूट थरथरलं, मान ताईकडे वळली, चोच उघडली आणि एवढ्याशा पोटातून असा आवाज निघाला की कपाटातल्या काचा किणकिणल्या. ताईचा चिमटा हवेतच राहिला. मला कुठल्याही प्रसंगी विनोद सुचतो, मयतीतसुद्धा. तिथं मी खुर्ची ओढली आणि ऐकत बसलो.

खिशात फोन थरथरला. ‘खरेदीदाराची तक्रार मान्य आहे का?’ मी ‘मान्य’ दाबलं. खाली दुसरा प्रश्न : ‘वस्तू पुन्हा विक्रीला ठेवायची?’

ताईला विचारायला मान वर केली, तर ती पुन्हा चावी देत होती.

“तोंड बंद ठेव जरा,” ती म्हणाली. “त्यांचं चाललंय.”