बेचाळिसावी टोपी
वर्गाला बालचित्रपट महोत्सवाला घेऊन आलेल्या बाईंनी पडद्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. अंधारात त्या सारख्या वर्गाच्या पिवळ्या टोप्या मोजत होत्या. आणलेली मुलं एकेचाळीस, टोप्या मात्र बेचाळीस! एखादं हरवलं असतं तर शोधता तरी आलं असतं. जास्तीच्या पोराचं करायचं काय? त्यांचा जीव टांगणीला लागला.

मध्यंतराचे दिवे लागताच त्यांनी एकेक टोपी उचलून पाहिली. शेवटच्या टोपीखाली त्यांचीच लेक निघाली. बाबांबरोबर सिनेमाला आलेली ती घरातली जादा टोपी घालून मागच्या रांगेतून सटकून या मुलांत येऊन बसली होती.

बाई तडकल्या, "बाबांजवळ बसली होतीस ना?"

"तिथून हात केला, तर तू यांच्याकडेच बघत होतीस," लेक म्हणाली. "म्हटलं, यांच्यात बसले तर मलाही मोजशील."