नाक मुरडू नकोस

दर वसंतात आमच्या घरात एक टोपली येते आणि मी नाक मुरडते. तेरा वर्षं हे सुरळीत चालू होतं.

टोपली सासूबाई आणतात. थंडी सरली की गावाबाहेरच्या उतारावर, झाडांखालच्या ओलाव्यात रानलसणीची पानं फुटतात, ती खुडायला त्या जातात. लांबट, मऊ पानं. त्यांचं सूप करायचं. त्याच उतारावर तश्शीच दिसणारी दुसरी पानं येतात, ती विषारी. ओळखायचं वासावरून. पान चोळायचं, हुंगायचं, लसणीचा वास आला तर टोपलीत, नाहीतर खाली. चाळीस वर्षं हेच केलं आणि माझ्या हातचं खाऊन कुणी मेलं नाही, असं त्या दर वर्षी सांगतात. वर घरचा एक नियम: खुडणाऱ्याने आधी खायचं, बाकीच्यांनी अर्धा तास थांबायचं. तो अर्धा तास मी आणि माझा नवरा त्यांच्याकडे बघत बसतो. त्या आमच्याकडे बघत नाहीत.

मी लॉन्ड्रीच्या काउंटरवर बसते. कपडा हुंगून डाग कशाचा ते सांगते, मग तो कुठल्या ढिगात टाकायचा ते ठरतं. नाकावरच पोट आहे म्हणा ना. घरी आल्यावर तरी त्याला सुट्टी हवी की नको? तर ती टोपली आत आली की चार दिवस पडद्यांना, उशांना आणि नवऱ्याला एकच वास. मी नाक मुरडायची, वर दोन शब्द ऐकवायची. तेवढा हक्क आहे मला.

यंदा नवऱ्याने मला बाजूला घेतलं. म्हणाला, आईचं वय झालंय, तिला वाईट वाटतं, या वेळी तेवढं नाक मुरडू नकोस. हा माणूस वर्षातून एखादीच गोष्ट धड मागतो. म्हटलं, बरं.

रविवारी दुपारी टोपली आली. वास असा की डोळ्यांत पाणी यावं. मी चेहऱ्यावर इस्त्री फिरवून उभी राहिले. सासूबाईंनी टोपली माझ्यासमोर धरली आणि थांबल्या. मग जरा आणखी वर धरली. काही त्रास नाही ना, म्हणाल्या. मी म्हटलं, छान आहे. त्यांचं तोंड एवढंसं झालं. मला असा राग आला! तेरा वर्षांत पहिल्यांदा चांगलं बोलले, तर तेही या बाईला सोसेना.

त्या स्वयंपाकघरात गेल्या. देठ कापून केराच्या डब्यात टाकले, पानं चिरली, सूप केलं आणि फक्त एकच वाडगा भरला. तुम्ही दोघं आज ब्रेडवर भागवा, म्हणाल्या, पानं कमीच मिळाली. पातेलं अर्धं भरलेलं मला दिसत होतं. नवरा म्हणाला, बरं. तो कशालाही बरं म्हणतो.

मी मीठ आणायला आत गेले. गॅसवर दूध उतू जाऊन जळत होतं, सगळीकडे करपट वास सुटला होता. त्याच्या हातभर अंतरावर सासूबाई उभ्या, पाठ गॅसकडे, हातात वाडगा. औषध संपवावं तशा भराभर चमचे मारत होत्या. मी गॅस बंद केला तेव्हा कुठे त्यांनी वळून पाहिलं. काय झालं, म्हणाल्या.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला.

"आई, तुम्हाला वास येत नाही," मी म्हटलं.

त्यांनी चमचा खाली ठेवला. "दोन वर्षं झाली."

"मग दोन वर्षं पानं कशी ओळखलीत?"

"तुझ्या तोंडाकडे बघून. तू नाक मुरडलंस की समजायचं, बरोबर आणली आहेत."

दोन वर्षं तीन माणसांचा जीव माझ्या वाईट स्वभावावर चालला होता. आणि अख्ख्या टोपलीचा वास मारत असताना आत चार पानं दुसरी असली, तर माझ्या नाकाला काय कळणार होतं, कप्पाळ?

मी केराचा डबा फरशीवर पालथा केला. तेरा वर्षं हा केर मीच टाकत आले, त्यामुळे एवढं ठाऊक होतं: रानलसणीचं पान जमिनीतून एकेकटं वर येतं, प्रत्येकाचा देठ वेगळा. त्या डब्यात चार देठ असे होते, ज्यांतून दोन-दोन पानं निघालेली. मी ते पिशवीत घातले. नवऱ्याला गाडी काढ म्हटलं. तो या वेळी बरं म्हणाला नाही, नुसता धावला.

गाडीत मी त्यांचा हात धरून बसले होते. संशय आला होता तर टाकून का नाही दिलंत, असं विचारलं. त्या म्हणाल्या, "टाकलं असतं तर का टाकलं ते सांगावं लागलं असतं." मला त्यांचे कान उपटावेसे वाटले. आणि रडूही आलं, ते मी लपवलं नाही.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरीणबाईंनी पिशवी बघितली आणि सासूबाईंच्या छातीला लगेच यंत्राच्या तारा जोडल्या. हे विष हृदयाचे ठोके बिघडवतं, म्हणाल्या. आमचा अर्ध्या तासाचा नियम ऐकून त्यांनी पेनच खाली ठेवलं. परिणाम दिसायला कित्येक तास लागू शकतात, अर्ध्या तासात काय दिसणार? शिवाय पहिलं पान चोळलं की बोटांनाच लसणीचा वास लागतो, मग पुढचं प्रत्येक पान लसणीचंच वाटतं, नाक शाबूत असलं तरी. सासूबाई म्हणाल्या, हे चाळीस वर्षांपूर्वी कुणी सांगायला हवं होतं.

संध्याकाळी ठोके घसरले आणि त्यांना औषध द्यावं लागलं. मी पडद्यावरच्या हिरव्या रेषेवरून नजर काढली नाही. देवाला कबूल केलं, पुन्हा त्या वासाबद्दल चकार शब्द काढणार नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तारा निघाल्या. सासूबाई उठून बसल्या, चहा मागितला, पातळ आहे म्हणून परत केला.

मग माझ्याकडे वळल्या. "पुढच्या वर्षी तू चल माझ्याबरोबर. एकेक देठ बघू. हात धुवायला पाणी नेऊ."

"मला तो वास सहन होत नाही, आई."

"म्हणून तर," त्या म्हणाल्या.