चारठाण्याच्या अप्पाचा सोडा

मन्मथअप्पानं बापाचं चारठाण्यातलं किराणा दुकान सोडून परभणीत सोड्याचं मशीन मांडलं, तेव्हा बाप एवढंच म्हणाला, "पाणी इकायला निघालास? पाणी तर आड बी देतो."

निजामाचं राज्य होतं. परभणीच्या स्टेशनात गाडी थांबली की उन्हानं होरपळलेली माणसं खिडकीतून लोटे बाहेर काढायची. अप्पानं एकदा हैदराबादेत गोळीवाल्या बाटलीतला सोडा प्याला होता. अंगठ्यानं गोळी आत दाबली की फट् आवाज, आणि फेस थेट नाकापर्यंत. तेव्हापासून त्याला दुसरं काही सुचत नव्हतं. हिरव्या काचेच्या बाटल्या त्यानं मुंबईहून मागवल्या, करोडगिरी नाक्यावर जकात भरून सोडवल्या आणि एकेकीच्या बुडाशी कानशीनं बारीक 'म' कोरला.

उजाडायच्या आत त्याची अंघोळ, विभूती, लिंगपूजा व्हायची. पूजा आटोपता आटोपताच नजर रांजणाकडे जाई. पाणी आदल्या दिवशी उकळून गाळून ठेवलेलं असे. त्याची बायको सिद्धम्मा बाटल्या धुवायची, लिंबू पिळायची, सैंधव कुटायची. अप्पा हातात चामड्याचे मोजे घाली, छातीला जाड गोणपाट बांधी आणि मशीनचा दांडा फिरवी. गॅस पाण्यात शिरतानाचा आवाज तो कान देऊन ऐके. पहिली बाटली स्वतः प्यायचा. दुसरी सिद्धम्माला द्यायचा आणि ती पिऊन होईस्तोवर तिच्या तोंडाकडे बघत बसायचा.

"अवो, बरा झालाय. किती येळा सांगू?"

"बरा न्हाई, चांगला झाला पायजे."

जेवताना त्याचा घास हातातच राहायचा. जिंतूरच्या बाजाराला माल कसा पोचवायचा, आलं घालून बघावं का, हेच डोक्यात. सवड मिळाली की स्टेशनात जाऊन उभा राही. विकायला नव्हे; पिणाऱ्याच्या कपाळावरची आठी मोडते का, ते बघायला.

विकायचं काम किशनरावाचं. तोही चारठाण्याचा. जुन्या देवळामागच्या बारवेत दोघं एकत्र पोहायला शिकले होते. अप्पाची जीभ जड, किशनरावाची चलाख. अर्ध्या उर्दूत, अर्ध्या मराठीत तो अशी आरोळी ठोकायचा की तहान नसलेला माणूसही थांबायचा. पेट्या तोच न्यायचा, रिकाम्या बाटल्या तोच परत आणायचा. अप्पानं त्याला कधी काही विचारलं नाही. विचारायचं ते परक्याला.

त्या साली होळीनंतर बाटल्या कमी यायला लागल्या.

"फुटल्या गड्या," किशनराव म्हणाला. "उन्हात धरल्या की फुटायल्यात. काचा कुणाच्या पायात घुसतील म्हणून रुळाच्या पल्याड पुरून टाकल्या."

एक दिवस तो उजव्या हाताला धडपा गुंडाळून आला. त्याच्या हातातच फुटली म्हणे. अप्पाला अन्न गोड लागेना. आपला गॅस जास्त होतोय, आपलाच हात चुकतोय, उद्या एखाद्या लेकराचा डोळा जाईल, असं त्याला वाटत राहिलं.

"तू मनाला लावून घेऊ नकोस," किशनराव त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला. "गॅस जरा कमी कर. आन् वैनीला सांग, ऊन पाण्यानं धुऊन लगेच गार पाणी घालू नका म्हनावं. काच तडकती."

अप्पानं दोन्ही केलं. सिद्धम्मा म्हणाली, "म्या कोमट पाण्यानं धुते, रोज तुमच्या म्होरं धुते." तरीही तो शेजारणीच्या देखत तिच्यावर ओरडला, "तुझ्या हातानं माझा धंदा बुडायलाय!" त्या दिवसापासून दुसरी बाटली ती प्यायची, पण बरा झालाय म्हणायची नाही.

आणि सोडा खरोखरच बरा होईनासा झाला. गॅस कमी केल्यावर गोळी नीट बसेना, फेस येईना. "अप्पा, सोडा फुसका झाला की तुमचा," पानवाला म्हणाला. पेट्या भरलेल्या तशाच परत येऊ लागल्या. किशनरावही दोन दिवसांआड येऊ लागला. घरी आई आजारी आहे म्हणाला.

वैशाखात पोखर्णीच्या नरसिंहाची जत्रा आली. अप्पानं बैलगाडीत पेट्या घातल्या आणि सिद्धम्माला सोबत घेतलं. देवळाच्या वाटेवर माणसांचा लोट होता. गाडी लावतो न लावतो तोच त्याला फट्, फट्, फट् असा आवाज ऐकू आला. भरपूर गॅसचा, घट्ट बसलेल्या गोळीचा आवाज. आणि त्यावर ओळखीची आरोळी.

ताडपत्रीच्या सावलीत किशनराव उभा होता. मागे नवं कोरं मशीन, दांड्याशी एक गडी, पुढे हिरव्या बाटल्यांची रांग. अप्पानं एक बाटली उचलून उलटी केली. बुडाशी 'म' होता. दुसरी उलटी केली. तिच्याही बुडाशी होता.

"किशन, ह्या फुटल्या व्हत्या."

किशनरावाचा चेहरा क्षणभर उतरला. मग त्यानं एका बाटलीची गोळी दाबून ती पुढं केली. "आधी पी. उन्हातनं आलास."

अप्पा प्याला. का प्याला, ते त्याला पुढं कधी सांगता आलं नाही. तेच लिंबू, तेच सैंधव, तोच नाकात चढणारा फेस. त्यानंच किशनरावाला शेजारी बसवून शिकवलेलं.

"गॅस कमी कर, ह्ये तूच मला सांगितलंस. माझा सोडा मरायलाय ह्ये तुला ठावं व्हतं."

"मग काय जनमभर तुझ्या पेट्या वाहू? नाव चारठाण्याच्या अप्पाचं आन् ओझं माझ्या डोस्क्यावर. कदी इचारलंस, किशन, तुला काय पायजे म्हणून?"

"मागितलं असतंस तर निम्मं दिलं असतं."

"मागून घेतलं असतं तर ते तुझंच ऱ्हायलं असतं."

"आन् हात? त्या दिवशी हात तरी खरा कापला व्हता का?"

किशनराव गिऱ्हाइकाकडे वळला. त्याच्या उजव्या तळहातावर साधा ओरखडाही नव्हता.

गर्दीतला कुणी म्हणाला, पोलीस पाटलाला बोलवा. अप्पा हलला नाही. त्याच्या मागून सिद्धम्मा पुढं आली. तिनं बाटल्यांची ती रांग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहिली.

"म्हंजे माझ्या हातनं एक बी फुटली न्हवती," ती म्हणाली. ती किशनरावाशी बोलत नव्हती.

अप्पानं हातातली रिकामी बाटली त्या रांगेतच ठेवून दिली. गाडीकडे परतताना तो तिला म्हणाला, "चुकलं माझं."

"त्यानं तुमाला फसिवलं, ह्ये खरं हाय," सिद्धम्मा म्हणाली. "पर तुमी त्याचं खरं मानलं आन् माझं न्हाई मानलं. ते काय त्यानं केलं न्हाई."

त्या दिवशी त्यांनी पेट्या उघडल्याच नाहीत. तो फुसका सोडा परभणीला परत नेला आणि अंगणात ओतून टाकला.

अप्पानं धंदा मोडला नाही. गॅस पुन्हा पहिल्यासारखा केला. उरलेल्या बाटल्यांवर जिंतूरच्या रस्त्यानं स्वतः गाडी हाकत गावोगाव फिरला, जड जिभेनं जमेल तशी आरोळी देत. स्टेशन किशनरावाकडेच राहिलं आणि तिथं तो भरभराटीला आला. अप्पाकडे पुढं चांगले चांगले लोक विचारायला आले, भागीत घ्या म्हणून. सिद्धम्माही म्हणाली, घ्या एखाद्याला. त्यानं घेतलं नाही. त्यामुळे त्याचा सोडा दोन माणसांच्या हातांनी होईल तेवढाच राहिला. सिद्धम्मा दुसरी बाटली प्यायची. 'बरा झालाय' हे शब्द तिच्या तोंडून पुन्हा निघायला पुढची दिवाळी उलटून गेली.

एकदा रेल्वेच्या फाटकापाशी त्याची गाडी अडली. पलीकडून किशनरावाची गाडी आली, घुंगरांच्या बैलांची. किशनरावानं लांबून हात वर केला, लहानपणी बारवेच्या काठावरून करायचा तसा. अप्पाचाही हात आपसूक उचलला गेला. त्यानं तो कासऱ्यावर आणून ठेवला आणि फाटक उघडेपर्यंत बैलांच्या पाठीकडे बघत राहिला.